शब्दचर्चा : ‘मौन बाळगले’ की ‘मोघम बोलले’?

वळिवडेकर : कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीवर लेख लिहितोय. १९४३ ते १९४८, जवळपास ५,००० माणसं, बहुतेक बायका-मुलं. आजचं गांधीनगर ते हेच. त्यांच्या मायदेशात नाझी ज्यूंचं हत्याकांड करत असताना पोप बारावे पायस यांनी काय केलं, हे एका वाक्यात हवंय. ‘मौन बाळगले’ लिहिलं आणि अडलो. शब्द बरोबर आहे का?

मंगळवार पेठ : खोडा तो. मुनीचा भाव ते मौन. आमची आजी एकादशीला मौन धरायची. त्यात स्वतःला आवरल्याचं तप आहे. दुसऱ्याचा जीव जाताना गप्प बसलेल्याला हा शब्द देऊ नका, धर्मगुरूला तर नकोच. ‘मूग गिळून बसले’ लिहा.

पंचगंगा : दोन्ही नकोत, कारण ते बोलले होते. १९४२ च्या नाताळच्या रेडिओ भाषणात त्यांनी म्हटलं की काही दोष नसताना, कधी केवळ राष्ट्र किंवा वंश यापायी, लाखो लोक मरणाच्या दारी लोटले जाताहेत. पण त्यात ‘ज्यू’ नाही, ‘नाझी’ नाही. आपल्याकडे याला ‘मोघम’ म्हणतात. मारणारा समोर बसलेला असताना साक्षीदारानं ‘कुणीतरी मारलं’ म्हणावं, तसं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्सात तुलूझचे आर्चबिशप सालिएज यांनी चर्चमधून पत्र वाचायला लावलं. त्यात ‘ज्यू’ हा शब्द स्पष्ट होता. म्हणजे नाव घेणं अशक्य नव्हतं.

मंगळवार पेठ : ‘मूग’ मागे घेतो. त्यात भित्रेपणाचा आरोप येतो, आणि धास्ती खोटी नव्हती. जुलै १९४२ मध्ये हॉलंडच्या बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीचा उघड निषेध केला. आठवड्याभरात ज्यू वंशाच्या कॅथलिकांची धरपकड झाली. जोगीण एडिथ श्टाइन त्यांतच आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत मारल्या गेल्या. पुढं रोममध्ये मठांनी असंख्य ज्यूंना लपवलं, हेही खरं. तरी १६ ऑक्टोबर १९४३ ला त्याच रोममधून हजारावर ज्यू पकडून नेले, तेव्हाही पोपकडून जाहीर निषेध झाला नाही. मला हे फार लागतं.

पंचगंगा : म्हणूनच ‘मोघम’. मनात भीती होती की हिशेब, यावर तो शब्द काही बोलत नाही. ओठांवर काय आलं नाही, तेवढंच सांगतो. फक्त पुढं नेमकं काय गाळलं ते लिहा, नाहीतर तुमचं वाक्यही मोघमच व्हायचं.

वळिवडेकर : असं लिहिलंय : ‘१९४२ च्या नाताळच्या भाषणात पोप मोघम बोलले. मारणाऱ्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही, मरणाऱ्यांचंही नाही.’