शिट्ट्या नकोत, मिनिटं सांगा

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

ए-१०२ : काबुली चणे रात्रभर भिजवले होते. कुकरला सात शिट्ट्या झाल्या, तरी दाणा टणकच. अजून किती शिट्ट्या द्यायच्या?

बी-४०४ : शिट्ट्या मोजू नकोस गं, मिनिटं मोज. गॅस मोठा ठेवला की शिट्ट्या भराभर होतात, बारीक ठेवला की एका शिट्टीला चार-चार मिनिटं लागतात. त्यातून कुकर केवढा, किती भरलाय, रिंग सैल झालीय का, यावरही ते ठरतं. तुझ्या सात शिट्ट्या म्हणजे कदाचित आठच मिनिटं झाली असतील. भिजलेल्या काबुली चण्यांना पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून १८ ते २० मिनिटं लागतात.

सी-२०१ : काकूंचं अगदी बरोबर आहे. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडणं, एवढंच. पूर्ण दाब आला की कुकरच्या आत साधारण १२० अंश सेल्सिअस असतं आणि मोठा गॅस ठेवला तरी ते वाढत नाही, नुसतं पाणी आटतं. म्हणून एकदा दाब धरला की आच कमी करायची आणि घड्याळ लावायचं.

ए-१०२ : पण मागच्या वेळी इतक्याच शिट्ट्यांत मऊ झाले होते.

बी-४०४ : या वेळी शिजताना टोमॅटो घातला होतास का?

ए-१०२ : हो, टोमॅटो आणि थोडी चिंच. सगळं एकदमच लावलं.

बी-४०४ : मग तिथेच घोळ झाला. आंबट काहीही असो, टोमॅटो, चिंच, लिंबू, दही, दाणा मऊ झाल्याशिवाय घालायचं नाही. आंबटात कडधान्याची साल आवळली जाते आणि मग कितीही उकळलं तरी मधला भाग पिठूळ होत नाही. गुळाचंही तेच, तोही मागाहून.

सी-२०१ : कारण सांगतो. दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजणं म्हणजे हे पेक्टिन विरघळणं. आंबटामुळे ते विरघळायला वेळ लागतो. पाण्यातलं कॅल्शियम तर ते आणखी घट्ट बांधतं, म्हणून बोअरच्या जड पाण्यात चणे आणि राजमा हट्टीपणा करतात. अशा वेळी निदान भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घ्या. मीठ मात्र भिजवतानाच घाला.

ए-३०५ : मिठाने कडधान्य शिजत नाही असंच आजवर ऐकलंय. उलटं कसं काय?

सी-२०१ : ते खरं नाही, ताई. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची जागा घेतं, त्यामुळे साल मऊ पडते आणि दाणा फुटतही नाही. प्रमाण असं: २५० ग्रॅम चणे, दीड लिटर पाणी, २० ग्रॅम मीठ. ८ ते १२ तास भिजवायचे, ते पाणी टाकून द्यायचं, दाणे एकदा धुवून ताज्या पाण्यात शिजवायचे. उकाडा असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पाण्यावर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो.

बी-४०४ : आणि रश्शात मीठ घालताना हात आखडता ठेवायचा, कारण दाण्यात ते आधीच गेलेलं असतं.

ए-१०२ : खाण्याचा सोडा घातला तर?

बी-४०४ : एका वाटीला पाव चमचा, त्यापेक्षा जास्त नको. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि चण्यांचा लगदा होतो. ब१ जीवनसत्त्वही सोड्याने बरंच नष्ट होतं. चणे जुने असतील किंवा पाणी जड असेल तरच घाल. वर्ष-दीड वर्ष डब्यात पडलेलं कडधान्य, त्यातून उष्ण-दमट हवेत, सोडा घालूनही नीट शिजत नाही. भिजल्यावर चाळवून बघ, जे दाणे फुगलेच नाहीत ते गणंग. ते वेचून काढ, शिजायच्या भरवशावर ठेवू नकोस.

ए-१०२ : आता हे अर्धवट शिजलेले चणे कसे वाचवू?

बी-४०४ : रस्सा गाळून वेगळा ठेव. चणे साध्या पाण्यात कुकरला लाव, दाण्यांच्या वर दोन बोटं पाणी, चिमूटभर सोडा, एक छोटा चमचा तेल. तेलाने फेस कमी येतो आणि शिट्टीच्या भोकात साली अडकत नाहीत. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नकोस. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर १५ मिनिटं. वाफ आपोआप जिरू दे. शिटी उचलून घाईने वाफ सोडलीस तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि साली फाटतात. मग वेगवेगळ्या ठिकाणचे पाच दाणे घेऊन अंगठा आणि बोटात दाब. मध्ये पांढरा ठिपका दिसला किंवा कणी लागली तर आणखी पाच मिनिटं. पाचही दाणे लोण्यासारखे दबले की गाळलेला रस्सा परत घाल आणि झाकण न लावता दहा मिनिटं उकळ.

बी-१०५ : राजम्याबद्दल एक महत्त्वाचं, सगळ्यांनी वाचा. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला लाल राजमा विषारी असतो. चार-पाच दाणेही पुरतात, एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणि मग जुलाब सुरू होतात. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन भिजवून आणि नीट उकळूनच जातं. किमान पाच तास भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात खळखळून उकळा. किमान १० मिनिटं, आणि ३० धरलीत तर अधिक निश्चिंत. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा थेट टाकू नका. ते ८० अंशांच्या आसपासच राहिलं तर विष जात नाही, उलट वाढू शकतं. आधी गॅसवर उकळून मगच त्यात घाला. कुकरमध्ये पूर्ण दाबावर शिजवलात तर हा प्रश्न येत नाही.

ए-३०५ : हे पिन करते. आता भाताचं कोणीतरी सांगा. दोघांचा भात मोकळा होतो आणि पाहुणे आले की गिचका.

बी-१०५ : कारण तुम्ही पाणीही दुप्पट-तिप्पट करता. तांदूळ जेवढा, साधारण तेवढंच पाणी तो पितो. वरचं पाणी वाफेने उडतं, आणि किती उडतं ते पातेल्याच्या तोंडावर आणि वेळेवर ठरतं, तांदळावर नाही. म्हणून झाकणाच्या पातेल्यात एका वाटीला पावणेदोन वाट्या पाणी लागत असेल तर चार वाट्यांना सात नाही, पावणेपाच ते पाच. तांदूळ अर्धा तास भिजवून निथळला असेल तर वाटीमागे पाव वाटी आणखी कमी करा, तेवढं तो आधीच प्यालेला असतो. नवा तांदूळ कमी पाणी घेतो, जुना जास्त, म्हणून नवी पिशवी फोडली की पहिल्यांदा एकाच वाटीचा करून बघा. भाताला उकळी आली की सर्वांत बारीक आच, १२ मिनिटं, मग गॅस बंद आणि १० मिनिटं झाकण उघडायचं नाही. त्या दहा मिनिटांत तळाचं पाणी वरपर्यंत सारखं पसरतं. ही आकडेमोड गॅसवरच्या पातेल्याची आहे. कुकरच्या डब्यात लावता तेव्हा हिशेब वेगळा, तिथे पाणी फारसं उडतच नाही.

बी-४०४ : उरलेला भात पातेल्यात तसाच ठेवू नका. पसरट ताटलीत मोकळा करून एका तासात फ्रिजमध्ये. दमट गरम भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

ए-३०५ : दही? माझं तार सुटतं. चमचा उचलला की दोरा लांबतो.

सी-५०२ : ताई, विरजण बदला, बाकी काही करण्याआधी. तार सोडणारे जीवाणू जुन्या विरजणात बळावतात आणि तेच दही पुढच्या दह्याला लावत गेलं की ते कमी न होता वाढतच जातात. दुसऱ्याकडून ताजं, घट्ट, गोडसर दही आणा. दुसरं म्हणजे दूध कोमट करून लावताय का? ३० अंशांच्या आसपास लागलेल्या दह्याला तार जास्त सुटते. दूध ४३ ते ४५ अंशांवर लावायचं. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी दुधात बुडवून सावकाश दहापर्यंत आकडे मोजता आले पाहिजेत. त्याआधीच चटका बसून बोट काढावं लागलं तर दूध फार गरम आहे. ५० अंशांच्या वर विरजण मरायला लागतं.

ए-३०५ : आणि घट्ट होण्यासाठी?

सी-५०२ : दूध नुसतं उतू जाईपर्यंत तापवून गॅस बंद करू नका. उकळी आल्यावर बारीक आचेवर ढवळत १० मिनिटं ठेवा. उष्णतेने दुधाच्या निवळीतली (व्हे) प्रथिनं उलगडतात आणि केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला जाऊन चिकटतात. त्यामुळे दह्यातली प्रथिनांची जाळी दाट होते आणि पाणी तीत धरून राहतं. थोडं पाणी आटतं ते वेगळंच. एक लिटरला एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली विरजण. आधी दोन चमचे दुधात ते फेटून घ्या, गुठळी राहू नये. जास्त विरजण घातलं म्हणजे दही छान लागतं हा गैरसमज आहे. त्याने ते लवकर आंबतं, रवाळ होतं आणि वर पाणी सुटतं. ऊबदार जागी ५ ते ६ तास. त्या वेळात भांडं हलवून बघू नका, जाळी मोडली की पुन्हा बांधली जात नाही. भांडं तिरकं केल्यावर दही काठापासून एका तुकड्यात सुटलं की लगेच फ्रिजमध्ये.

ए-१०२ : काकू, चणे झाले. पाचही दाणे दबले! पण आता रस्सा खारट लागतोय. कुणीतरी बटाटा टाकायला सांगितलंय.

सी-२०१ : बटाटा फक्त खारट पाणी शोषतो, उरलेलं पाणी तितकंच खारट राहतं. हिशेब सोपा आहे. एक लिटर रश्शात १५ ग्रॅम मीठ असेल तर दीड टक्का झालं. पाव लिटर साधं गरम पाणी घाल, १.२ टक्के होईल. बहुतेकांना साधारण १ टक्क्याचा रस्सा नीट वाटतो. पाण्याने पातळ झाला तर मूठभर चणे कुस्करून त्यातच मिसळ, दाटही होईल. लिंबाने खारटपणा कमी भासतो, पण मीठ जात नाही, म्हणून लिंबू शेवटी.

बी-४०४ : आणि कांदा पाच मिनिटांत काढला असशील तर रस्सा कच्चट लागेल. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते उडेपर्यंत कढईत १०० अंशांच्या वर काही जात नाही, आणि तोवर कांदा तांबूस होत नाही. अर्धा किलो कांदा बारीक चिरून, दोन मोठे चमचे तेल, अर्धा छोटा चमचा मीठ, पसरट कढई. मध्यम आचेवर १५ ते २० मिनिटं धर. आवाजावर लक्ष ठेव. आधी ओला, जाड चर्र आवाज येतो, पाणी संपलं की बारीक तडतड सुरू होते. तिथून पुढे सारखं ढवळ. तळाला तपकिरी थर धरला की एक चमचा पाणी घालून उलथण्याने खरवड, सगळी चव त्यात असते. मग आलं-लसूण, एकच मिनिट, लसूण करपला तर कडू होतो. टोमॅटो त्यानंतर.

ए-१०२ : आजचा कांदा सहा मिनिटांत उतरवला होता. आता काय करता येईल?

बी-४०४ : दुसऱ्या छोट्या कढईत एक कांदा नीट तांबूस कर आणि शेवटी रश्शात घाल. दहा मिनिटं उकळू दे. बारीक चिर, म्हणजे वीस मिनिटांत होईल.