मदत हवी आहे: घर बदलल्यापासून मुलीचं हिंडणं-फिरणं थांबलं, आजूबाजूचं काय काय बदलता येईल?

नमस्कार मंडळी,

मुलगी चौदा वर्षांची. नवीन घरी आल्यापासून तिची हालचाल जवळजवळ बंद झालीय आणि मोबाईल हातातून सुटत नाही. फोन काढून घ्या, हा सल्ला घरातल्या सगळ्यांनी देऊन झालाय, त्यामुळे तो कृपया नको. माझा प्रश्न वेगळा आहे.

मुलगी तीच, स्वभाव तोच, फोनसुद्धा तोच. बदललंय ते आजूबाजूचं. आधी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती, वाटेत मैत्रिणी भेटायच्या, येताना रेंगाळत यायच्या. आता बस दारात येते. घरासमोर मोठा रस्ता, पदपथ मधेच संपतो, ओलांडायला सिग्नल नाही. मैत्रिणीकडे जायचं तरी कुणीतरी सोडायला लागतं. खाली बाग आहे, पण झोपाळे-घसरगुंडीची, म्हणजे लहानग्यांची. पलीकडचं मैदान संध्याकाळभर मोठ्या मुलांच्या ताब्यात. या वयाच्या मुलीने जायचं कुठे? चार मैत्रिणी एकत्र भेटतील अशी जागा उरली ती फोनमध्येच. तिला आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार, म्हणजे थोडा तरी दम लागेल अशी हालचाल सुचवते. १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची २०१६ सालापर्यंतची माहिती एकत्र केली, तेव्हा ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं यात कमी पडत होती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. एवढ्या देशांमधल्या मुली एकदम आळशी कशा निघतील? व्हिएन्ना शहरात १९९०च्या दशकात पाहणी झाली होती. साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांमध्ये दिसेनाशा होतात, असं तिथे आढळलं. खेळायला एकच मोठी मोकळी जागा असली की ती मुलग्यांकडे जाते आणि मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. मग काही बागांत त्या जागेचे छोटे भाग पाडले, पायवाटा काढल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, आणि मुली परत येऊ लागल्या. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ते पलीकडचं मैदान जात नाहीये.

तर विचारायचंय असं, की तुमच्यापैकी कुणी घरात किंवा इमारतीच्या आवारात असा काही बदल करून पाहिलाय का? खर्चाचा नसला तर बरं. आणि रहिवाशांच्या समितीसमोर हा विषय कसा मांडावा?

प्रतिसाद १

ताई, मी शाळेत खेळ शिकवतो. नवीन जागा मागायला जाऊ नका, असलेल्या मैदानाची वेळ मागा. आठवड्यातल्या ठरावीक संध्याकाळी एक तास मुलींचा, असं समितीकडून लेखी ठरवून घ्या. तोंडी ठरलेलं दोन आठवड्यांत विरतं. कोपऱ्यात बॅडमिंटनचं जाळं बांधलं तरी खूप. या वयात मुलींना खेळ नको असतो असं नाही, कडेला उभं राहून बघणारे नको असतात. त्यामुळे जाळं कट्ट्यासमोर लावू नका. उजेड पुरेसा हवा आणि स्वच्छतागृह जवळ हवं. पाळीच्या दिवसांत त्यावाचून मुली घरी थांबतात, आणि एकदा खंड पडला की मग येतच नाहीत. एकट्या तुमच्या मुलीला पाठवू नका, आधी तिच्या वयाच्या तिघी-चौघी शोधा.

प्रतिसाद २

आमच्याकडे दोन मुलगे, त्यामुळे तुमची बागेची अडचण आम्हाला नाही. घरातलं सांगते. सगळ्यांचे चार्जर बैठकीच्या खोलीत आणले. सगळ्यांचे म्हणजे आमचे दोघांचेही, हे महत्त्वाचं. पहिले काही दिवस कुरकुर झाली, पण रात्रीचं बघणं बरंच कमी झालं. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. ती अर्धवट झाली तर दुसऱ्या दिवशी पोर पळणार कुठून? सुरुवात झोपेपासून करा, असं मी म्हणेन.

आणि बस दारात येते म्हणालात, तर येताना एक थांबा आधी उतरता येईल का? अर्थात मधला रस्ता सुरक्षित असेल तरच. कुणी सोबतीला असेल तर तेवढंच चालणं आणि गप्पा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एक थांबा आधी उतरण्याचं आज तिला विचारलं. वरच्या मजल्यावरची एक मुलगी त्याच बसने येते, ती असेल तर चालेल म्हणाली. त्या बाजूला पदपथ धड आहे, मी चालून बघून आले. चार्जरचं आजपासूनच.

मैदानाची वेळ मागण्याआधी इमारतीतल्या मुलींनाच विचारते, त्यांना बॅडमिंटन हवंय की आणखी काही. ते मी का ठरवू? अडचण एकच दिसतेय. समितीतल्या एका काकांचं म्हणणं, मैदान सगळ्यांना खुलंच आहे, मुलींना कुणी अडवलंय? ते वाईट हेतूने बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. कुणी अशा बैठकीत बोललं असेल तर सांगा, नेमकं काय दाखवल्यावर पटलं? एक आठवडा संध्याकाळी मैदानावर किती मुलगे आणि किती मुली असतात, याची नोंद करून नेली तर उपयोग होईल का?