प्रोसिनेचकी: वाया गेलेला टॅलेंट की नुसतंच फुटकं नशीब?

डावा_विंगर:
मंडळी एक शंका आहे. ९८ च्या वर्ल्डकपमधल्या क्रोएशियाच्या जुन्या मॅचेस बघतोय सध्या. शुकेर माहीत होता, ६ गोल, गोल्डन बूट वगैरे, बोबान पण ऐकून होतो. पण तो सोनेरी केसांचा ८ नंबरवाला रॉबर्ट प्रोसिनेचकी, त्याच्या पायात बॉल आला की बघतच राहावं असा माणूस आहे राव. मग शोधलं तर कळलं की रियाल आणि बार्सा दोन्हीकडे खेळलाय, ९० च्या वर्ल्डकपचा बेस्ट यंग प्लेयर, आणि दोन वेगवेगळ्या देशांकडून (आधी युगोस्लाव्हिया, मग क्रोएशिया) वर्ल्डकपमध्ये गोल मारणारा एकमेव खेळाडू. एवढं सगळं असून मॉड्रिच-बोबानच्या गप्पांमध्ये याचं नाव का येत नाही? एका ठिकाणी वाचलं की सिगारेटी ओढून करिअरची वाट लावली, खरंय का हे?

नव्वदचा_पोरगा:
सिगारेट ओढायचा, भरपूर ओढायचा, त्याने ते कधी लपवलं पण नाही. पण गोष्ट तिथून सुरू करू नकोस, आधीपासून बघ. जन्म १९६९, तोही जर्मनीत, वडील क्रोएट आई सर्ब, लहान असतानाच कुटुंब युगोस्लाव्हियात परत आलं. डिनामो झाग्रेबच्या ज्युनियरमध्ये वाढला, सीनियर टीममध्ये थोडा खेळला आणि मग प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्टची वेळ आली तर कोच मिरोस्लाव ब्लाझेविचने सरळ नाही म्हणून सांगितलं. हा पोरगा फुटबॉलर झाला तर मी माझा कोचिंगचा डिप्लोमा खाईन असं तो म्हणाला होता असं सांगतात. मग १९८७ मध्ये बाप-लेक निघाले बेलग्रेडला, रेड स्टारकडे, तिथे क्लबचा डायरेक्टर झाईचने बघितलं आणि लगेच घेतला. त्याच वर्षी चिलीत युथ वर्ल्डकप झाला, युगोस्लाव्हिया जिंकलं आणि गोल्डन बॉल कोणाला तर याला! त्या टीममध्ये बोबान, शुकेर, यार्नी, मियातोविच सगळे होते हं. आपल्या इंडियन टीमचा आधीचा कोच स्टिमाच, तो पण त्यातलाच.

आणि १९९१ ला बारीमध्ये युरोपियन कपची (म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग) फायनल. रेड स्टार विरुद्ध मार्से, ०-०, फायनल म्हणून अतिशय रटाळ मॅच, मुद्दाम बघायला जाऊ नकोस. पेनल्टीवर ५-३ ने जिंकले, पहिली पेनल्टी याचीच. त्यापेक्षा त्याच सीझनची बायर्नविरुद्धची सेमी बघ, तिथे कळेल टीम काय होती ती. साविचेविच, पांचेव, युगोविच, मिहायलोविच आणि मध्ये हा.

खोलवरचा_पास:
वरच्याशी सहमत, पण सिगारेटवर सगळं ढकलणं मला पटत नाही. ओढत नसता तर थोडा जास्त पळला असता हे मान्य, पण खरा घात झाला तो दुखापतींनी. १९९१ ला माद्रिदला गेला आणि पहिल्याच सीझनला मसल इंज्युरी, बरा झाला की परत तीच, लीगच्या बोटांवर मोजण्याइतक्या मॅचेस खेळला. नंतर खेळला, पण बेलग्रेडचा तो पोरगा काही पूर्ण परत आला नाही. ओव्हिएदोला लोनवर पाठवला, तिथे आंतिच कोच होता आणि त्याच्या हाताखाली जरा बरं चाललं म्हणून क्रॉइफने १९९५ ला बार्साला नेला, तिथे परत दुखापत आणि वर्षभरात सेव्हिया.

आता मुद्दा हा की लोक त्याला स्पेनमध्ये बघूनच "वाया गेला" म्हणतात. पण माणसाचा बेस्ट काळ बावीस वर्षांचा होईपर्यंत होऊन गेला होता आणि तो जगाने नीट बघितलाच नाही. त्यात युगोस्लाव्हिया फुटतानाचं युद्ध. युगोस्लाव्हियाला ९२ च्या युरोमधून बाहेर काढलं, ९४ च्या वर्ल्डकपच्या क्वालिफायिंगला क्रोएशियाला एंट्रीच नव्हती, म्हणजे देशाकडून मोठी टूर्नामेंट थेट ९६ चा युरो. २३ ते २७ मधली वर्षं गेली ना! बोबानला तेव्हा निदान मिलान तरी धड मिळालं.

डावा_विंगर:
एक मिनिट, ब्लाझेविच म्हणजे ९८ चा क्रोएशियाचा कोच तोच का?? आणि दोन देशांकडून गोल मारणारा हा एकटाच कसा, बाकीचे पण दोन्हीकडून खेळले असतील की

नव्वदचा_पोरगा:
हो तोच, टोपीवाला :) म्हणून तर मजा. आणि एकटा कसा तर योगायोगच. शुकेर ९० च्या टीममध्ये होता पण खेळवला नाही, यार्नी खेळला पण गोल नाही, बोबानला तर झाग्रेबच्या माक्सिमिर स्टेडियममधल्या दंगलीत पोलिसाला लाथ घातली म्हणून बंदी होती. याने ९० ला यूएईविरुद्ध मारला आणि ९८ ला जमैका आणि हॉलंडविरुद्ध. जमैकाचा गोल परत बघ, डावीकडून गोललाईनच्या जवळून असा काही बॉल उचललाय की क्रॉस होता की शॉट यावर अजून भांडणं होतात. मी शॉट म्हणेन, पण तो माझ्या मनाचा कौल समजा.

पण सेमीफायनलचं दुःख वेगळंच आहे. फ्रान्सविरुद्ध शुकेरने ४६ व्या मिनिटाला गोल मारला, लगेच बोबानकडून बॉल गेला आणि थुरामने बरोबरी केली, मग थुरामचाच दुसरा. ब्लांकला रेड कार्ड, समोर दहाच माणसं, बॉल राखून पास घालणारा माणूस बेंचवर बसलाय, आणि ब्लाझेविच त्याला आत सोडतो कधी तर ९० व्या मिनिटाला! बरं तीन दिवसांनी तिसऱ्या नंबरच्या मॅचला पहिल्यापासून खेळवलं तर १३ व्या मिनिटाला गोल. आता काय बोलायचं.

खोलवरचा_पास:
तेव्हा तो पूर्ण फिट होता का हाही प्रश्न आहेच, कोचला एवढंही धोपटू नकोस. पण दहा जणांविरुद्ध अर्धा फिट प्रोसिनेचकी मी दहा मिनिटं आधी तरी सोडला असता.

साईडबेंच:
पोर्ट्समथचं कोणीच बोललं नाही अजून! २००१-०२, इंग्लंडची दुसऱ्या पातळीची लीग (तेव्हाचं फर्स्ट डिव्हिजन), वय ३२, पळणं जवळपास बंद आणि तरी ३३ लीग मॅचेसमध्ये ९ गोल. बार्न्सलीविरुद्ध हॅटट्रिक मारली आणि मॅच ४-४ सुटली, म्हणजे तीन गोल मारून पण जिंकता नाही आलं बिचाऱ्याला. त्याची ती ट्रिक बघितली असेल, तळव्याखाली बॉल धरून उभा राहायचा, डिफेंडरने पाय टाकला की बॉल मागे ओढून अंग फिरवून दुसऱ्या बाजूने निघून जायचा. स्पीड लागतच नाही त्याला. पुढचा माणूस आधी हलतो एवढंच लागतं. पोर्ट्समथचे जुने फॅन्स एकाच सीझनवर अजून त्याचं नाव काढतात.

नंतर कोचिंग पण केलं, आधी बिलिचचा असिस्टंट क्रोएशियाला, मग रेड स्टार, अझरबैजान, बोस्निया, माँटेनेग्रो असं बरंच फिरला.

डावा_विंगर:
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. बायर्नवाली सेमी शोधतो आता. आणि साईडबेंच, ती बार्न्सलीची मॅच अख्खी मिळते का कुठे? हायलाईट्समध्ये नुसते गोल दाखवतात, मला त्याच्या मधल्या गमती बघायच्यात.

साईडबेंच:
अख्खी मला पण नाही सापडली. त्याच्या त्या सीझनचे पासेस कोणीतरी एकत्र केलेत, लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.