मदत हवी आहे: ब्रोशरवर १६० किलो, मामांच्या काट्यावर १६८, वजनकाट्यावर १८०. बाइकचं खरं वजन कोणतं धरू?

रानवाट:

नमस्कार मंडळी, ऑफरोड, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायच्या बाइकच्या वजनाबद्दल विचारायचंय. जरा सविस्तर लिहिते.

मी नारायणगावची. उंची ५ फूट ३ इंच, वजन ५४ किलो. दीड वर्ष झालं ऑफरोड चालवतेय आणि बऱ्याचदा एकटीच जाते. जुलैत नाणेघाटाकडून येताना डांबरी सोडून एका कच्च्या वाटेला गाडी घातली आणि चिखलात आडवी झाली, स्पीड काहीच नव्हता, मला लागलंही नाही, पण उचलायला गेले तर उठेना. हँडल पूर्ण वळवलं, पाठ सीटला लावली, पायांनी रेटलं, गुडघ्याएवढी वर यायची आणि बूट सरकला की परत खाली, तोवर टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकायला लागलेलं. शेवटी खाचरात आवणी करणाऱ्या दोन मावशी बांधावरून आल्या, एकीने मागचा रॅक धरला, दुसरीने क्रॅशगार्ड (इंजिनच्या बाजूंना लावलेला गार्ड), आणि "हं, लाव जोर" म्हणेपर्यंत गाडी उभी. पण त्या तिथे नसत्या तर मी काय केलं असतं हे डोक्यातून जात नाहीये.

ब्रोशरवर वजन आहे १६०. कंपनीचं नाव घेत नाही कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीये. मला वाटलं बघूया तरी मी नक्की उचलतेय किती.

आळेफाट्याला मामांची कांद्याची आडत आहे, तिथे गोण्या मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. पूर्ण गाडी त्यावर मावत नाही म्हणून आधी पुढचं चाक चढवलं, मग मागचं. पुढे ७७.२, मागे ९१.०, म्हणजे १६८.२. टाकी फुल होती, क्रॅशगार्ड, बॅश प्लेट (इंजिनखालची संरक्षक प्लेट), रॅक, बॅग सगळं लावलेलं. मग मामांच्या पिकअपबरोबर ट्रकच्या वजनकाट्यावर गेले तर तिथे १८०. एकाच दिवशी, तेच पेट्रोल, मध्ये फार तर चार किलोमीटर चालवली असेल. बारा किलोचा फरक कसा पडतो? कोणता काटा खरा?

दुसरं म्हणजे पुढच्या वर्षी गाडी बदलायचं डोक्यात आहे आणि आकडे बघून गोंधळ उडतोय. हिमालयन ४५० चं कुठे १८१ दिसतं, कुठे १९६. केएलएक्स २३० चं १३९. व्ही-स्ट्रॉम एसएक्सचं १६७. हे सगळे आकडे एकाच पद्धतीचे असतात का?

स्पॅनरदादा:

ताई, आधी मामांच्या काट्याचं सांगतो. त्या काट्याचा प्लॅटफॉर्म जमिनीपासून किती उंच आहे? आणि एक चाक काट्यावर असताना दुसरं खाली जमिनीवरच होतं ना? मग चूक तिथेच आहे.

लोखंडी कपाट दोघांनी जिन्यातून वर न्यायचं तर खालच्या माणसावर जास्त भार येतो, तसंच इथे. पुढचं चाक उंच केलं की थोडं वजन मागे सरकतं आणि काटा पुढचं कमी दाखवतो. मग तू मागचं चाक उंच केलंस, तेव्हा वजन पुढे सरकलं आणि मागचंही कमी आलं. दोन्ही वेळा कमीच, आणि बेरीज केली की चूक डबल. प्लॅटफॉर्म वीस सेंटीमीटरच्या आसपास असेल तर अशा गाडीत दहा किलोचा घोळ आरामात होतो. लोक घरी बाथरूमच्या काट्यावर मोजतात तो चपटा असतो म्हणून तिथे एवढं जाणवत नाही.

उपाय सोपा आहे, दुसऱ्या चाकाखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या रच. साइड स्टँड वर पाहिजे, गाडी सरळ उभी पाहिजे आणि धरणाऱ्याने नुसती बोटं लावायची, भार द्यायचा नाही. वजनकाट्याचं म्हणशील तर तो ट्रकसाठी असतो, पायरी किती किलोची आहे, म्हणजे आकडा किती किलोच्या टप्प्याने बदलतो, ते विचारलंस का?

घाटमाथा:

ब्रोशरच्या आकड्यांचं मी सांगतो. ड्राय वेट म्हणजे पेट्रोल नसलेली गाडी, पण त्याशिवाय काय काय वगळलंय ते कंपनीगणिक बदलतं. कुणी इंजिन ऑइल, कूलंट पण काढतं, कुणी बॅटरीसुद्धा. कर्ब वेट म्हणजे चालवायला तयार गाडी, आणि त्यातही टाकी बहुतेक ९० टक्के भरलेली धरतात, युरोपच्या नियमात पण तसंच आहे. हिमालयन ४५० चे दोन्ही आकडे बरोबर आहेत, १८१ ड्राय आणि १९६ कर्ब. टाकी १७ लिटरची. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या जरा आत धर, ९० टक्क्यांचे झाले साधारण सव्वाअकरा किलो, उरलेले पावणेचार ऑइल, कूलंट वगैरे.

केएलएक्सचं १३९ हेही कर्बच आहे, पण टाकी फक्त ७.६ लिटरची, हे लक्षात ठेव. हलकी गाडी आहे यात वाद नाही, पण लांब जायचं तर पाठीवर पेट्रोल घेऊन फिरावं लागेल. आणि सीट ८८० मिलीमीटर, तुझ्या उंचीला बसून बघितल्याशिवाय बुक करू नकोस. बाहेरच्या एंड्यूरो (कच्च्या वाटांवरच्या शर्यतींच्या) गाड्यांचे आकडे तर बहुतेक पेट्रोल न धरताच छापतात, ते आपल्या कर्बशी लावायचेच नाहीत.

एक कर, जे जे वरून लावलंयस ते काढून वेगळं मोज.

रानवाट:

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी परत आळेफाट्याला गेले.

दादा, तुमचं अगदी बरोबर निघालं. प्लॅटफॉर्म पट्टीने मोजला, वीस सेंटीमीटर. कांद्याच्या चाळीसाठी आणलेल्या फळ्या होत्या त्या तेवढ्याच उंचीच्या रचल्या आणि परत मोजलं, पुढे ८२.४, मागे ९६.२. एकूण १७८.६. वजनकाटेवाल्या काकांना फोन करून विचारलं, त्यांची पायरी दहा किलोची आहे, म्हणजे त्यांचं १८० पण खोटं नव्हतं.

मग एकेक वस्तू काढून मोजली. क्रॅशगार्ड ६.१, रॅक २.७, बॅश प्लेट २.९, बॅगेत हत्यारं, ट्यूब आणि पंप मिळून ४.४. झाले १६.१. १७८.६ मधून वजा केले की १६२.५, आणि टाकी तोंडापर्यंत होती त्याचा वरचा दहावा हिस्सा एक किलोचा. चाकांच्या आत वाळलेला चिखल पण होताच. म्हणजे ब्रोशरच्या १६० ला धरूनच आहे. इतके दिवस मी कंपनीवर चिडले होते आणि वजन मीच नटबोल्टने लावून घेतलेलं. हेच सोळा किलो हिमालयनला लावले तर २१२ होतात, त्यामुळे ती माझ्या यादीतून गेली.

नंतर मामांनी अंगणात बारदान अंथरलं आणि गाडी त्यावर आडवी केली. सगळं लावलेलं, टाकी फुल, नाही उठली. बॅग, रॅक आणि क्रॅशगार्ड काढून, टाकी अर्धी करून, तिसऱ्या प्रयत्नात एकटीने उभी केली! मामी ओसरीवरून बघत होती, तिने टाळ्याच वाजवल्या.

आता क्रॅशगार्ड काढावा तर दगडात इंजिनच्या बाजू उघड्या पडतात, ठेवावा तर सहा किलो. कुणी नुसती बॅश प्लेट आणि हँडगार्डवर सह्याद्रीत पावसाळा काढलाय का? काय तुटलं, काय वाचलं ते सांगा. आणि ज्यांनी आपली गाडी मोजलीय त्यांनी पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळं लिहा, टाकीत किती होतं आणि वरून काय लावलेलं होतं तेही लिहा.