शब्दचर्चा : पोटाला चव 'लागते' का?

विचारणा (दर्यापूरकडून)
मी खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवते. जिभेवर असतात तसे चव ओळखणारे ग्राही (रिसेप्टर, पेशीवरचे ओळखणारे रेणू) आतड्यात अन् श्वासनलिकेतही असतात, असं वर्गात सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आजी म्हन्ते, घशाखाली उतरलं का कळू काय अन् गोळ काय, सारकंच. मंग पोटाले चव लागते का?" जिभेवरच्या अशा पेशींच्या गुच्छाला आपल्याकडे 'रुचिकलिका' हा शब्द आहे, पण आतड्यात कलिका नाहीत, विखुरलेल्या पेशी आहेत. त्यांच्यावरच्या ग्राहींना काय म्हणावं?

उत्तर (अचलपूरकडून)
ताई, 'स्वादग्राही' म्हणा. पोरांना लगेच समजेल.

उत्तर (भिवापूरकडून)
भाऊ, त्या शब्दानं मुलीच्या प्रश्नाचं उत्तर चुकेल. स्वाद आणि रुची घेणारं माणूस लागतं. 'रुच्' म्हणजे आवडणं, म्हणून तापात जेवण जात नाही त्याला 'अरुची'. आतड्याला काही रुचत नाही. साखर आली की तिथल्या पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात आणि त्यामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन वाढतं. (त्या अवयवाच्या नावात मात्र 'स्वादु' आहेच!) हे सगळं होतं, पण गोड लागल्याची जाणीव होत नाही. आजी बरोबर आहे.

कडूचे तर माणसात सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत. श्वासमार्गातल्या बारीक केसांवर ते असल्याचं २००९ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. कडू पदार्थ भिडला की ते केस जोरानं हलतात, नको ते बाहेर लोटायला. म्हणून दम्यावर कडुनिंबाचा रस पीत बसावं, असं कोणी समजू नये. पोटात गेलेला रस म्हणजे श्वासनलिकेला भिडलेला रस नव्हे.

आता आमच्या मिरचीचं पाहा. देठ तोडणाऱ्या बाया कधी म्हणत नाहीत की हाताला तिखट लागलं. हाताला मिरची 'झोंबते'. डोळ्याला झोंबते, जिभेलाही झोंबते. आणि शास्त्रही तेच सांगतं: तिखटपणा ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला धरतं. तो ग्राही १९९७ मध्ये सापडला आणि त्यासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. 'लागणं' जिभेचं, 'झोंबणं' साऱ्या अंगाचं, हा भेद आपल्या बायांच्या बोलण्यात आधीपासून आहे. तो पुस्तकात का नसावा?

माझं मत 'रसग्राही'. षड्रस म्हणतो तेव्हा रस पदार्थातच असतो, खाणारा असो की नसो.

उत्तर (अचलपूरकडून)
पण 'रसग्रहण' कवितेचं करतात ना? पोरं गोंधळतील.

उत्तर (दर्यापूरकडून)
ती शंका मलाही आहे. शब्द फळ्यावर 'रसग्राही' असाच लिहिला आणि कवितेचं रसग्रहण वेगळं हे सांगितलं. त्याहून क्रियापदाचा उपयोग जास्त झाला. मुलीला म्हटलं, पोटाले चव लागत नाही, पण साखर आली हे त्याले वळखू येते. ती म्हणाली, "मंग आजीले असंच सांगतो."