मूल्यं अनेक असतील तर उदारमतवादच का?

वाटसरू: राजकीय तत्त्वज्ञ आयझाया बर्लिनचं १९५८ चं ऑक्सफर्डमधलं भाषण वाचतोय. स्वातंत्र्य, समता, न्याय सगळी खरी मूल्यं, पण एकमेकांशी भांडतात आणि मोजायला एकच तराजू नाही, इथपर्यंत पटलं. मग उदारमतवादासारखं व्यक्तीच्या स्वातंत्र्यालाच झुकतं माप का? तेही त्यातलंच एक ना?

रानवारा: ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन ग्रे नेमकं हेच विचारतो. मूल्यांची ही अनेकता खरंच मानली तर उदारमतवाद हाही जगण्याचा एक प्रकार, बाकीच्यांपेक्षा वरचढ नाही, तडजोड करून शांततेत राहा एवढंच उरतं. मला पटतं.

सांजवेळ: मला नाही पटत. प्रत्येक निवडीत काहीतरी कायमचं गमवावं लागतं, मग माझ्यावतीने सरकारने का निवडावं? १९१७ मध्ये रशियन क्रांतीच्या काळात पेट्रोग्राडला लहानग्या बर्लिनने जमाव एका पोलिसाला फरफटत नेताना पाहिला, हिंसेची धास्ती त्याला जन्मभर राहिली. अंतिम उत्तर सापडलंय म्हणणाऱ्यांबद्दलचा त्याचा संशय मला त्यामुळे कळतो.

वाटसरू: पण निवडावं लागतं म्हणजे निवडू दिलंच पाहिजे असं कुठे होतं?

सांजवेळ: नाहीच होत, अनेकता आणि उदारमतवाद या दोन्हींत तार्किक बंधन नाही हे बर्लिनही मुलाखतीत बोललाय. पण एकच धर्म किंवा एकच विचार लादणाऱ्याला आधी ही अनेकता नाकारावीच लागते, मला तेवढा आधार पुरतो.