कॅल्शियम जास्त, जनुक चाचणीत 'व्हीयूएस'. ऑपरेशन करावं का?

पाऊलवाट: वय ४१. गेली ६ वर्षं कॅल्शियम १०.७ ते १०.९, पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) नॉर्मल, त्रास काहीच नाही. सर्जन म्हणतात पॅराथायरॉइड ग्रंथी काढू. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी जनुक चाचणी करायला लावली. सीएएसआर जनुकात एक बदल निघालाय, पुढे शेरा 'अनिश्चित महत्त्व', म्हणजेच व्हीयूएस. म्हणजे आजार आहे की नाही? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

शेवंती: ताई, मी जनुकीय समुपदेशनात काम करते, हा शेरा रोज वाचते. त्याचा अर्थ 'थोडंसं वाईट' असा नाही. एसीएमजी या अमेरिकेतल्या जनुकवैद्यक संस्थेच्या २०१५ च्या निकषांत पाच पायऱ्या आहेत, त्यातली ही मधली. पुरावा कुठल्याच बाजूला पुरेसा नाही, एवढंच लॅब सांगतेय. तेव्हा एकट्या या ओळीवर ऑपरेशन ठरवू नका आणि रद्दही करू नका.

सीएएसआर हा कॅल्शियमची पातळी ओळखणारा रिसेप्टर. तो मंद पडला की ग्रंथींना वाढलेलं कॅल्शियमच बरोबर वाटतं, मूत्रपिंडही ते धरून ठेवतं. याला एफएचएच म्हणतात, म्हणजे घराण्यात चालत आलेलं जास्त कॅल्शियम, जे लघवीत कमी उतरतं. यात ग्रंथी काढूनही कॅल्शियम सहसा उतरत नाही, म्हणून आधी खात्री हवी.

२४ तासांची लघवी द्या, सोबत रक्तही. लघवीतलं कॅल्शियम गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन. त्याला रक्तातलं कॅल्शियम गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन याने भागा. समजा (४ × ०.८) ÷ (१०.९ × ६०), तर ०.००५. उत्तर ०.०१ च्या खाली आलं तर कल एफएचएचकडे, ०.०२ च्या वर गेलं तर प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझमकडे, म्हणजे ग्रंथीच जास्त हार्मोन बनवतेय. मधलं सगळं धूसर. ड जीवनसत्त्व कमी असेल किंवा थायझाइड, लिथियम ही औषधं चालू असतील तर आकडा फसवतो, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

काठावरचा: शेवंतीताईंशी सहमत. माझ्या वडिलांच्या ग्रंथी काढल्या आणि महिन्याभरात कॅल्शियम पुन्हा ११. तोवर आम्हा भावंडांचं कुणी तपासलंच नव्हतं. तपासलं तर माझं आणि बहिणीचं जास्त, धाकट्याचं नॉर्मल. वडिलांचा 'अनिश्चित' बदल आम्हा दोघांत सापडला, धाकट्यात नाही. लॅबला हे कळवल्यावर शेरा बदलून 'बहुधा रोगकारक' झाला. घरच्यांचं साधं कॅल्शियम आधी बघा, जनुक चाचणी नंतर.

शेवंती: अगदी. आणि उलटंही लक्षात ठेवा: घरात कुणाकडे तोच बदल असून कॅल्शियम चोख नॉर्मल असेल, तर संशय बराच कमी होतो. लॅबला एपी२एस१ आणि जीएनए११ ही एफएचएचची इतर जनुकं तपासली का तेही विचारा. वर्ष-दोन वर्षांनी फेरआढावा मागायला संकोच करू नका.

पाऊलवाट: दोघांचे मनापासून आभार. आईची जुनी फाईल काढली. २०१४ चा रिपोर्ट, कॅल्शियम १०.८, शेजारी पेनाने गोल केलेला. कुणी काही विचारलंच नव्हतं. उद्या सर्जनना फोन करून तारीख पुढे ढकलते, आणि आईला रक्त द्यायला घेऊन जाते.